छाबलेली भिंत

माझ्या फोटोंत एक स्टीलची पट्टी असते. तीस सेंटिमीटरची. भिंत असो, विहीर असो, शाळेचा उंबरठा असो, चौकटीत कुठेतरी ती पट्टी दिसतेच. प्रदर्शनाला आलेले लोक फोटोबद्दल विचारण्याआधी पट्टीबद्दल विचारतात. घरच्यांनीही ती स्वीकारली आहे. नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिचं लग्न माझ्याशी लागलं, पण संसार पट्टीशी चाललाय."

पट्टी वडिलांची. ते भूकरमापक होते, म्हणजे शेतं मोजून हद्दी ठरवून देणारे सरकारी कर्मचारी. यवतमाळच्या आमच्या घरात बोलण्याला एक अट होती. कोणी म्हणालं की रस्त्यात भला मोठा खड्डा आहे, की वडील विचारत, "किती?" उत्तर नसलं तर ते पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. न मोजलेलं ते ऐकीव, असं त्यांचं मत होतं. माझंही तेच आहे.

लग्नानंतर मी दत्त चौकाजवळच्या एका स्टुडिओत नोकरी धरली. मालकाला बाईच हवी होती, कारण खेड्यातून ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेल्या बाया त्याच्यापुढे पदर वर करून बसायच्या आणि फोटोत नाकाच्या खालचा भाग यायचाच नाही. सहा वर्षं मी पासपोर्ट फोटो काढले. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. पुष्कळ जणांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला त्यात शिस्त दिसली. समोरचा माणूस जसा आहे तसा, आपल्या हौशीची भर न घालता कागदावर आणायचा, ही माझी सगळी विद्या मी तिथेच शिकले.

स्टुडिओबाहेरचं पहिलं काम आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेनं दिलं. एका गावात बाळंतपणाच्या खोलीची पायरी इतकी उंच होती की दिवस भरलेल्या बाईला दोघींनी धरून वर घ्यावं लागायचं. तक्रार दोनदा गेली होती. उत्तर आलं होतं की पायऱ्या सगळीकडेच असतात. मी पायरीला वडिलांची पट्टी उभी लावली आणि फोटो काढला. पट्टी संपली तरी पायरी वर एक बोट शिल्लक होती. त्या फोटोखाली मी एकही वाक्य लिहिलं नाही. चार महिन्यांत तिथे उतार झाला. त्या दिवसापासून पट्टी पिशवीत आहे.

दुसरा नियम मी पुढे स्वतः घातला. प्रदर्शनासाठी जो फोटो मोठा करायचा, तो खऱ्या मापाचाच करायचा. फोटोतली पट्टी खऱ्या पट्टीवर ठेवली तर रेघ न रेघ जुळली पाहिजे. नागपूरच्या एका कलादालनातल्या बाईंना हे पटेना. भिंतीच्या भेगांचे फोटो त्यांना फार आवडले होते. त्यांना त्यात नद्या दिसल्या, झाडाच्या फांद्या दिसल्या. फक्त पट्टी काढून टाका म्हणाल्या, डोळ्यांना टोचते. मी म्हटलं, ती टोचण्यासाठीच ठेवली आहे. शेवटी माझे फोटो मुख्य दालनात न लागता बाहेर पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ लागले. तिथे जास्त लोकांनी पाहिले असावेत, कारण तहान सगळ्यांना लागते.

त्या भेगांची गोष्ट सांगायची आहे.

वणीजवळ राजूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. त्यांतल्या एका खाणीला लागून असलेल्या गावात मी चौदा महिने, दर महिन्याला एकदा जात होते. गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळहून सकाळची एसटी, करंजी, मारेगाव करत वणी, तिथून ऑटो. खाणीत रोज दुपारी सुरुंग उडायचे. ताटाजवळच्या भांड्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, वरून मातीचा बारीक चुरा पडायचा, आणि बाया बोलता बोलता न पाहताच भाजीवर झाकण ठेवायच्या. त्या झाकण ठेवण्याचाही फोटो माझ्याकडे आहे.

गावाचं म्हणणं होतं की सुरुंगांमुळे घरं फाटतात. खाणीचं म्हणणं होतं की इथली जमीन काळी, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि तिच्यावरची घरंही भेगाळतात. दोघांचं म्हणणं खरं असू शकतं. म्हणून मी एकतीस घरांतल्या एकतीस भेगा निवडल्या, प्रत्येकीच्या दोन्ही काठांना गेरूचा ठिपका दिला आणि दर महिन्याला तीच भेग, तेवढ्याच अंतरावरून, पट्टी लावून टिपत गेले. काळ्या जमिनीची भेग पावसाळ्यात मिटायला हवी. एकतीसपैकी नऊ भेगा तशा मिटल्या. त्या नऊ मी यादीतून स्वतः काढल्या. त्या नऊ घरांत मला पुढे चहा मिळाला नाही. एकीनं तर विचारलं, तुम्ही आमच्या बाजूच्या की खाणीच्या? मी म्हटलं, पट्टीच्या. तिला ते मुळीच आवडलं नाही.

उरल्या बावीस. त्यांतली सगळ्यात वाईट भेग एका मावशींच्या चुलीमागच्या भिंतीत होती. मावशी साठीच्या, नवरा वारलेला, मुलगा आणि सून मिळून पाच एकर कापूस आणि तूर करणारे. भेग चौसष्ट सेंटिमीटर लांब, मधोमध अकरा मिलिमीटर रुंद. पावसाळ्यात ती मिटली तर नाहीच, दोन मिलिमीटरनं वाढली. भिंत बाहेरच्या अंगाला कलली होती आणि त्याच भिंतीला लागून सून तिच्या तान्ह्या लेकीला घेऊन झोपायची, कारण दुसरी कोरडी जागा घरात नव्हती. गावातल्या घरांची पाहणी होऊन यादी बनणार होती. यादीत नाव आलं तर भिंत खाणीनं पाडून नवी बांधून द्यायची, असं ठरलं होतं. मावशींचं नाव यादीत येणं म्हणजे ती पोरगी धोक्याबाहेर येणं. माझ्यापुरतं चौदा महिन्यांच्या कामाचं मोल यावरच ठरणार होतं.

पाहणीचा दिवस दिवाळीच्या जरा आधीचा निघाला. मला आदल्या सकाळी कळलं. मी लगेच सुनेला फोन लावला. गडबडीत होते. उद्या साहेब येणार आहेत, भिंतींचे फोटो होतील, बावीसही घरांना निरोप दे, असं सांगितलं आणि ठेवला. निरोप बरोबर पोहोचला. चूक निरोपात होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी मावशींच्या दारात उभी राहिले तर ओल्या मातीचा वास आला. आत गेले. चुलीमागची भिंत आरशासारखी गुळगुळीत. आमच्याकडे भिंतीला मातीचा लेप देण्याला छाबणं म्हणतात. मावशींनी भेगेत माती आणि कुटार, म्हणजे भुसा, ठासून, वरून सगळी भिंत छाबून, पांढऱ्या मातीचा हात फिरवला होता. कोपऱ्यात गेरूची दोन फुलं काढली होती. माझे ठिपके लेपाखाली गेले होते. मावशी धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून उभ्या होत्या.

मी विचारलं, "मावशी, हे काय केलं?"

"काय केलं म्हन्जे? तुमीच सांगतलं ना वो बाई, फोटो हाय म्हनून. फाटक्या लुगड्यानं फोटो काढते का कोनी?"

"पण मी चौदा महिने भेगेचेच फोटो काढत होते ना."

"ते तुमचे घरचे फोटो," मावशी म्हणाल्या. "आज तं साहेब येऊन राह्यले. त्यायले काहून आपलं उघडं दाखवाव?"

बाहेर येऊन मी गावभर फिरले. बावीसपैकी एकोणीस घरं छाबून झाली होती. पहाटेपासून बाया राबल्या होत्या. तीन घरं तशीच होती. एकात बाई माहेरी गेली होती, दुसऱ्यात तापानं झोपून होती, आणि तिसऱ्यातल्या बाईला काम नको असतं हे गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा दारातच उभा होता. मला म्हणाला, "पाह्यलं का बाई? माह्यावाली आळशी हाय म्हनून वाचलो."

साहेब अकराला आले. तालुक्याकडून नेमलेले एक अभियंता, आणि त्यांच्यासोबत खाणीचा एक माणूस. मावशींच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर खाणीचा माणूस भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "मॅडम, हे तर तुमच्या यवतमाळच्या फ्लॅटपेक्षा बरं दिसते." अभियंता हसले नाहीत. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि वहीत लिहायला सुरुवात केली. मी वाकून वाचलं. "तडा आढळला नाही."

मी सांगितलं की तडा लेपाखाली आहे. ते म्हणाले, "असेल. मी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो."

याचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. उलट बरं वाटलं, कारण दिसेल ते लिहिणारा माणूस आपल्याला दाखवता आलं तर हवं तेही लिहितो. दाखवायचं कसं, एवढाच प्रश्न होता. फोटो दाखवले तर खाणीचा माणूस म्हणाला, भेग काय, कोणत्याही भिंतीची असेल. तेही बरोबर होतं.

माझ्या खांद्याला फोटोंची नळी होती. त्यात नागपूरच्या पुढच्या प्रदर्शनासाठी नुकतेच छापून आणलेले याच गावातल्या सहा भिंतींचे मोठे फोटो होते, त्यांत मावशींची भिंतही होती. दोन फूट बाय तीन फूट, खऱ्या मापाचा. मी तो जमिनीवर उलगडला. फोटोत वर डाव्या हाताला भिंतीतली लाकडी खुंटी होती, तिच्या खाली उजवीकडे दिवा ठेवायची देवळी. खुंटी आणि देवळी छाबताना बुजवत नाहीत. मी सुनेकडून विळी मागितली आणि फोटोतली खुंटी होती तिथे कागदाला भोक पाडलं. चांगल्या कागदाला भोक पाडताना हात क्षणभर अडखळला, हे कबूल करते. मग फोटो खऱ्या खुंटीत अडकवला आणि अभियंत्यांना म्हटलं, "आता देवळी बघा."

फोटोतल्या देवळीची कड खऱ्या देवळीच्या कडेवर बसली. वरची कड नेमकी, खालची दोन मिलिमीटर सरकलेली, कारण मावशींनी तिथे माती जाड लावली होती. मी पट्टीनं मोजून दोन मिलिमीटरही सांगितले. खाणीच्या माणसानं स्वतः वाकून पाहिलं.

मग मी दाभण मागितला. फोटोतल्या भेगेवरून, दर सेंटिमीटरला एक, कागदातून आरपार ओल्या मातीत टोचत गेले. चौसष्ट टोचे. फोटो खुंटीवरून उतरवला तर गुळगुळीत भिंतीवर टिंबांची वाकडी ओळ उभी होती. मी म्हटलं, भेग खरी असेल तर सुरुंग ती याच ओळीवर उघडतील. आठ-दहा दिवस थांबा.

अभियंता म्हणाले, "ओली माती वाळताना तडकतेच. त्यावरून काय सिद्ध होणार?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "म्हणून समोरच्या भिंतीवरही अशीच ओळ टोचू. ती भिंतही आजच छाबली आहे, माती तीच, आणि तिला कधी भेग नव्हती. वाळून तडकायचं असेल तर दोन्ही सारख्याच तडकतील."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही फोटोग्राफर ना?"

"भूकरमापकाची मुलगी आहे."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. दोन्ही भिंतींवर, टिंबांच्या ओळीला आडवी, त्यांनी आपली सही केली आणि तारीख घातली. नळीतल्या बाकीच्या पाच फोटोंच्या घरांतही आम्ही तसंच केलं. उरलेल्या घरांसाठी तेवढे मोठे फोटो नव्हते. तिथे मी अल्बममधली छोटी छायाचित्रं लावून, पट्टीनं मापं घेऊन टिंबं काढली. पण ती तितकी पक्की नव्हती, हेही मी त्यांना तिथेच सांगितलं.

खरी परीक्षा आमची नव्हती, मावशींची होती. दिवाळी आली होती आणि चुलीमागच्या भिंतीवर एका परक्या माणसाची सही. शिवाय ती भिंत फाटत जाणार आणि तिला हात लावायचा नाही. त्यांनी मला चांगलंच सुनावलं. भाऊबीजेला भाऊ येईल, वहिनी येईल, ती जाऊन माहेरात सांगेल की नणंदेला सणासुदीला घर छाबायचं सुधरत नाही. मी म्हटलं, वहिनींना सांगा सरकारी सही आहे. मावशी म्हणाल्या, "सही का मले बंद करून देईन तिचं तोंड?" पण भिंतीला त्यांनी हात लावला नाही. सुनेनं नंतर सांगितलं की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या हातात ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे बराच वेळ बसल्या होत्या, आणि मग उठून अंगण सारवायला गेल्या.

दहाव्या दिवशी अभियंता आले. खाणीचा तोच माणूस होता. आधी समोरची भिंत पाहिली. तिच्यावर वाळलेल्या मातीचं बारीक जाळं सगळीकडे सारखं पसरलं होतं, ओळीवर वेगळं काही नाही, सही शाबूत. मग चुलीमागची. तिथे भेग उघडली होती. ती सहीच्या बरोबर मधून गेली होती, त्यामुळे आडनावाचं पहिलं अक्षर एका काठावर आणि बाकीचं दुसऱ्या काठावर. अभियंत्यांनी माझ्या हातातली पट्टी मागून घेतली. तीन मिलिमीटर. मी टिंबं मोजली. चौसष्टपैकी सत्तावन्न भेगेवर होती, सात बाजूला. सातही लिहून घ्या म्हटलं. त्यांनी लिहून घेतली आणि आधीच्या नोंदीवर रेघ मारून खाली नवी नोंद केली.

शेवटच्या यादीत बावीसपैकी सतरा घरं आली. मावशींचं त्यात होतं. पाच राहिली. ती पाचही छोट्या फोटोंची होती आणि त्यांची मापं मला खात्रीनं मांडता आली नाहीत. त्यांचं काम चालू आहे. मी आता त्या पाच भिंतींचेही खऱ्या मापाचे फोटो छापून घेतले आहेत. ते तेव्हाच छापले असते तर पाचही आली असती असं मला वाटतं, पण हे मोजता येत नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

शिकले ते एका शब्दापुरतं. बावीस वर्षं ज्या कामावर माझं घर चालतं त्याला मी फोटो म्हणत आले, आणि त्या शब्दाचा गावात अर्थ काय होतो हे मी, पदर वर करून बसणाऱ्या बायांचे फोटो काढलेली बाई, विसरले होते. फोटो म्हणजे नीट दिसणं. आता कुठल्याही गावात पाहणी असली की मी निरोपात फोटो म्हणत नाही, मोजणी आहे म्हणते. मोजणी म्हटलं की आमच्या भागातला कोणीही माणूस धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगडसुद्धा इकडचा तिकडे करत नाही. जे जसं आहे तसं ठेवतो आणि शेजाऱ्यावर नजर ठेवतो. वडिलांचा हा शब्द माझ्या हाताशी होता, मला तो उशिरा सुचला.

भोक पडलेला तो फोटो पुढे नागपूरला मुख्य दालनात लागला. त्याच बाईंनी लावला. खुंटीच्या जागी त्यांनी एक खिळा ठोकला आणि फोटो त्या भोकातच अडकवला. पट्टीबद्दल त्या या वेळी काही बोलल्या नाहीत.

पण त्या दहाव्या दिवशीची एक गोष्ट राहिली. अभियंता वही मिटून पुढच्या घरी गेले. मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "झालं ना वो बाई? आता छाबू का?"

मी हो म्हटलं. भिंत पाडायचीच होती, छाबून उपयोग काही नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दुपारपर्यंत भिंत छाबली, पांढऱ्या मातीचा हात दिला, धुतलेलं लुगडं नेसल्या, नात कडेवर घेतली आणि सुनेला शेजारी उभं केलं. मी सवयीनं पट्टी काढली.

"ते ठेवा जी बाजूले," मावशी म्हणाल्या. "आता फोटो काढा."

मी पट्टी पिशवीत ठेवली. तो फोटो मी कुठल्या प्रदर्शनात लावलेला नाही आणि त्याचं माप मला माहीत नाही. चुलीमागची भिंत आता विटांची आहे. जुनी खुंटी मावशींनी गवंड्याकडून नव्या भिंतीत बसवून घेतली, आणि फोटो त्याच खुंटीला टांगला आहे.